चोक अर्धा

तिसरी नोटीस वायपरखाली सापडली:
'पार्किंग क्र. ९ मध्ये तेलाचे डाग. सात दिवसांत खुलासा करावा.'
खाली पोतनीस, मानद सचिव,
आणि सहीखालची ती रेघ, हेडमास्तरांच्या हातची वाटावी अशी.

खुलासा काय करणार.
नऊ नंबरात एक हेरॉल्ड उभी आहे, सन पासष्ट.
तिचं बॉनेट पुढे कलंडतं, आख्खं तोंड वासून बसते.
आणि मी, निवृत्त ड्राफ्ट्समन,
आमच्या कंपनीत बायकांनाही ड्राफ्ट्समनच म्हणत,
गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन
तिच्या घशात टॉर्च मारते आहे.

रविवारी सहाला उपवनच्या तळ्यापाशी जमायचं.
आज बुधवार.

कार्बोरेटर वर स्वयंपाकघरात.
जेट पुरणाच्या चाळणीत धुतले,
ती चाळणी आता पुरणाची राहिली नाही.
गॅस्केट मिळेना. कुर्ल्याच्या गल्लीत तिघांनी मान हलवली,
चौथ्याने गाडीच विकत मागितली.
शेवटी भाचीची लग्नपत्रिका काढली, जाड, सोनेरी कडेची,
कर्कटकाने वर्तुळं आखली, ब्लेडने कापली.
'आमचे येथे श्रीकृपेकरून'
इनलेटच्या दोन बोल्टांमध्ये आवळलं गेलं.

मुश्ताक डेंटर राबोडीहून येतो, दुसऱ्यांच्या गाड्या आटपल्यावर.
पत्र्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारतो, कान लावतो,
कलिंगड घेतल्यासारखा.
डाव्या मडगार्डवर थांबला.
'ताई, इथे आवाज बसलाय. आत शिसं आहे.'
घासलं.
दुधी रंग. त्याखाली मरून, धाकट्या काकाची हौस.
त्याखाली निळा,
आणि निळ्यातही दोन निळे, एक कंपनीचा,
एक कोणीतरी वाटीत कालवलेला.
मग शिसं, तळहाताएवढं.

एकोणऐंशीचा मे. मासुंद्याच्या कडेचा दिव्याचा खांब.
माझा पाय क्लचऐवजी भलतीकडे.
भाऊंनी आईला सांगितलं, टेम्पोवाल्याने घासली.
पुढे आठवडाभर जेवण झालं की
'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणायचे
आणि हाताला टर्पेंटाइनचा वास घेऊन परतायचे.
मला एका शब्दाने बोलले नाहीत.
तेव्हा मला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

'काढू? नवा पत्रा टाकू?'
किती दिवस लागतील?
'दोन.'
मग राहू दे.
दोन दिवस खरंच नव्हते.

शनिवार, रात्रीचे पावणेबारा.
बॅटरी नवी, पॉइंट घासलेले, चारही प्लग पुसलेले.
ती खोकते. खाकरते. गप्प.
पुन्हा.
पेट्रोलचा वास जिना चढून वर जातो.
मुश्ताक विडी ओढायला गेटबाहेर, लांब.
तेवढ्यात लिफ्टचा दरवाजा,
आणि पोतनीस, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात चष्म्याचं घर.
आली चौथी, मी मनात म्हटलं.

ते बॉनेटकडे बघत राहिले.
'चोक पूर्ण ओढताय. हिला अर्धाच लागतो.
आणि किल्ली फिरवताना पाय उचला.'
मग थोडं थांबून,
'आमच्या साहेबांकडे होती. अकरा वर्षं चालवली मी.'

दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावापुढे बी.कॉम., एलएल.बी. आहे.
ती अकरा वर्षं पाटीवर नाहीत.

चोक अर्धा. पाय वर.
लागली.
पहिल्या मजल्यावर कोणीतरी दिवा लावला,
कोणीतरी शिवी दिली,
मुश्ताक विडी टाकून पळत आला.
मी बाहेर येऊन इंजिन ऐकत होते
तर पोतनीस न विचारता आत बसलेले,
दोन्ही हात स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटं.
आरसा त्यांनी आपल्या उंचीला लावून घेतला.

उतरताना फरशीकडे बोट दाखवलं:
'डाग मात्र सोमवारपर्यंत पुसा.'

पहाटे निघाले तेव्हा आरसा तसाच होता.
उपवनपर्यंत मागचा रस्ता
मी मान उंच करून पाहिला.