वाटून राहिलं

पहाटे साडेचारला सोनेगावला आम्ही फुगा सोडतो.
मेश्राम दोरी धरतो, मी घड्याळ.
फुगा वर जातो, वरून आकडे खाली पाठवतो
आणि कुठल्याशा उंचीवर फुटतो.
मग मी वाक्य लिहायला बसतो :
'विदर्भात तुरळक ठिकाणी उष्णतेच्या लाटेची शक्यता.'
तेहतीस वर्षं मी 'शक्यते'वर पोट भरलं.
फार सोयीचा शब्द. खरा ठरला तर आमचा,
नाही ठरला तर वाऱ्याचा.

घरी तो चालत नाही.
खामल्याला, ओट्याशी,
पोळी तव्यावर टाकता टाकता कुंदा थांबते,
म्हणते, "कसंतरीच वाटून राहिलं."
किती टक्के, हे विचारायची सोय नाही.

पुण्याची मेहुणी म्हणते, वाटतंय.
तिला वाटतं आणि निघून जातं,
थांबा नसलेल्या गाडीसारखं.
आमच्या नागपुरात वाटून राहतं.
सामान घेऊन येतं, खाट टाकतं,
अकरा महिन्यांचा करारसुद्धा करत नाही.

पूर्वाभास म्हणू का? तो इस्त्रीतला शब्द,
मांडी घालून बसत नाही.
भाकीत पोपटवाल्याचं.
कुणकुण कानाची, चाहूल पावलांची,
हुरहूर फुटाळ्याच्या काठी
हातातलं आइसक्रीम वितळेस्तोवरची.
धास्तीला मात्र पोटाचा पत्ता पक्का ठाऊक.
आणि शंकेसाठी आम्ही मनात एक पाल पाळलेली.
चुकचुकते ती, आपण नाही.
उद्या कोणी म्हटलंच, तुमच्याच तोंडून निघालं होतं,
तर सांगता येतं : मी नाही हो, पाल.

मागच्या वर्षी, सातव्या महिन्यात,
घरात कुणीच काही बोललं नव्हतं.
कुंदाचा उजवा डोळा आठवडाभर लवत होता,
झोप कमी पडते, म्हणाली,
वाळ्याच्या पाण्याची पट्टी ठेवली.
मग मेडिकलच्या वॉर्डाबाहेर, लोखंडी बाकावर,
सगळे शब्द एकदम आले.
कालच्या तारखेचं बुलेटिन
आज हातात पडावं तसे.

आता पुन्हा सातवा. पुन्हा नवतपा.
रोहिणी मानेवाड्याला, कूलरसमोर,
सुजलेले पाय उशीवर ठेवून.
ती जन्मली तेव्हाही सूर्य रोहिणीत होता, म्हणून हे नाव.
पंचेचाळीस पूर्णांक काहीतरी, एवढं नोंदवून
मी धावत दवाखान्यात पोचलो होतो.
पूर्णांकापुढचं आता आठवत नाही.

आज नारंगी इशारा.
संत्र्याच्या गावाला नारंगी इशारा,
यावर मेश्राम दर उन्हाळ्यात हसतो.
आज म्हणाला, "काहून गप हाये साहेब?"
म्हटलं, आकडे बघून राहिलो.
आकड्यांत काही नव्हतं. दाब ठीक. वारा वायव्येचा.
फोनवर कुंदाचे दोन मिस्ड कॉल,
चार वाजून सत्तावन्न मिनिटांचे.

त्या वेळी कोणी कोणाला बरं काही सांगायला फोन करत नाही.
हाही अंदाजच, जुन्या नोंदींवरून काढलेला.
परत लावायला बोट वळेना.
तोवर फुगा ढगांच्या वर गेला असेल,
ढग असते तर.

उचलला रोहिणीनं.
म्हणजे कुंदा रात्रीच तिकडे गेली होती,
माझी नाइट ड्यूटी बघून,
आपली पाल पिशवीत घालून.
"बाबा," रोहिणी म्हणाली, आणि थांबली.
तिच्या त्या थांबण्यात मी अख्खा शब्दकोश चाळला.
"काल दुपारपासून गप होतं.
आईला मी सांगितलंच नव्हतं, तरी आली.
आता हालून राहिलं."

हालून राहिलं.

वहीच्या समासात, तापमानाच्या शेजारी,
मी ते पेन्सिलीनं लिहिलं.
मग खोडलं. उगाच कशाला.
मेश्रामनं चहा आणला. बुलेटिन जायचं होतं.
पुढच्या अठ्ठेचाळीस तासांसाठी
मी नेहमीचंच लिहिलं, शक्यता,
आणि पहिल्यांदाच
त्या शब्दापुढे पेन जरा वेळ टेकवून ठेवलं.