रोड

सॅक भाच्याची. इटलीहून परत आलेली,
माझ्या पाठीपेक्षा वीतभर उंच.
“पाऊसच होता गं मावशी, सगळे दिवस,”
निमिष म्हणाला होता,
“शहरं काचेतून बघितली.
स्टेशनं मात्र नीट लक्षात आहेत.”
तीन आठवड्यांबद्दल एवढंच बोलला,
आणि मला वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

मी सोलापूरची. छत्री उन्हासाठी वापरणारी.
एकतीस वर्षं जिल्हा बँकेच्या खिडकीत
ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजल्या,
ओल म्हणून माहीत होती ती तेवढीच.
आता चिपळूणपासून दहाही बोटं सुरकुतलीत
आणि मोजायला काही नाही.
म्हणून स्टेशनं मोजते.

नारळी पौर्णिमा होऊन गेली.
पाऊस आता कुणाला दाखवायला पडत नाही,
उशिरापर्यंत काम उरलेल्या माणसासारखा पडतो,
खाली मान घालून.

निवसर सुटल्यावर गाडी थांबली.
बोगद्याच्या तोंडाशी एक रेनकोट उभा,
हातात कंदील, खांद्यावर हातोडा.
“दरड नाय, माती आली थोडी,” म्हणाला.
भिवा मांडवकर. नाव त्यानंच सांगितलं,
मी विचारलं नसताना.
रोज रात्री सहा किलोमीटर रूळ चालतो,
आणि गाडीत बसून कुठं गेलात
तर म्हणे, “एकदा. सासऱ्यांच्या कार्याला.”
पाऊण तास आम्ही एकाच पावसाकडे बघितलं,
तो खालून, मी दारातून.

आरवली रोड. राजापूर रोड. वैभववाडी रोड.
पिवळ्या पाटीवर गावाच्या नावामागे हा एक शब्द
कुणा प्रामाणिक माणसानं जोडलेला:
गाव इथं नाही. इथून रस्ता आहे.
राजापूरला उतरले, तर रस्ताही नव्हता.
बाजारपेठेत पाणी शिरलंय, एसटी बंद.
रात्र बाकावर काढली, सॅक उशाला,
कुत्रं पायाशी. गरम उसळ, दोन पाव,
आणि पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचा
तो न संपणारा हिशेब.
राजापूर कसं आहे, मला विचारू नका.

कणकवलीला चिबडांची टोपली घेऊन एक बाई चढली.
सगळा डबा पिकला वासानं.
सॅककडे बघून म्हणाली,
“इतक्या मोठ्या पिशयेत काय गो?”
“चार साड्या, एक टॉवेल.”
“मगे हलकी आसतली.”
“भिजलीय.”
“मगे जड आसतली,” म्हणाली,
आणि एक फोड दिली कापून, पैसे न घेता.

कुडाळच्या पुढे टीसी आला.
सॅकच्या आतल्या कप्प्यात हात घातला
तर लागलं ते दुसरंच तिकीट:
बोलोन्या ते फेरारा, एका बाजूचं,
शाई पसरून गावं एकमेकांत मिसळलेली.
त्यानं चष्मा पुसला. उलटं करून पाहिलं.
सुलटं करून पाहिलं.
“बाई,” गंभीरपणे म्हणाला, “ही गाडी तिकडं जात नाही.”
“माहीत आहे.”
“मग उतरणार कुठं?”
खरं तिकीट सापडेपर्यंत झाराप येऊन गेलं.

निमिषनं हे का ठेवलं असेल?
फेराऱ्यात कोण होतं? की फक्त पाऊस होता,
बाक होता, आणि परतीचं तिकीट
काढायचं राहून गेलं?
फोन करून विचारता आलं असतं.
तिकीट पुन्हा त्याच कप्प्यात ठेवलं,
माझं त्याला चिकटवून.

सावंतवाडी रोड. इथंही गाव पुढेच.
उतरून हिशेब लावला,
चिपळूणपासून बोटांवर,
तर एक स्टेशन कमी भरत होतं.
झोप लागली असेल कुठं,
किंवा कंदिलाकडे बघत राहिले तेव्हा.

एकतीस वर्षांत ताळा जुळल्याशिवाय
एकदाही खिडकी बंद केली नाही.
सॅक पाठीवर घेतली.
पुन्हा मोजलं नाही.