नऊ की दहा

किल्ली फिरवली की नुसतं टक्.
दुसऱ्यांदा फिरवली की तेही नाही.
उथळसरला आमच्या इमारतीखाली, पाण्याच्या पंपाशेजारी
उभी माझी हेरल्ड, एकोणसत्तरची,
चरईच्या लुईझा फर्गोज बाईंकडून घेतलेली.
कागदांवर सही करता करता त्या म्हणाल्या होत्या,
"धक्का मारायला माणसं धरून ठेव. माणसं."

माणसं धरली. वॉचमन, इस्त्रीवाला,
दुसऱ्या मजल्यावरचा पाध्यांचा क्षितिज, ज्याचं दहावीचं वर्ष आहे.
महिन्याभरात ती मला बघून जिना बदलू लागली.

मी वैधमापन खात्यातली. एकतीस वर्षं
तराजू तपासले, शिक्के मारले,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच बोटाने शोधून काढली.
मला वाटलं, एक मोटर शोधायची ती काय.
पुस्तक होतंच. पुस्तकात नंबर होता.
वहीत उतरवला, खाली दोन रेघा मारल्या.

पहिली मिळाली कौशाला, भंगारात,
ट्रकच्या ॲक्सलखाली तोंड खुपसून पडलेली.
दुकानदार शपथेवर सांगे: हेरल्डचीच.
भोकं जुळली, बोल्ट बसले,
किल्ली फिरवल्यावर अडकित्त्यात खडा सापडावा तसा आवाज.
दुसरी तुर्भ्याहून आली, गोणपाटात,
नवीकोरी, नंबरासकट. पुस्तकातलाच नंबर.
तीही तशीच किंचाळली.
क्षितिजने खिडकी लावून घेतली.

वागळे इस्टेटला, सोळा नंबरच्या रस्त्यावर,
एका छापखान्याच्या पाठीमागे नूरमहंमद तांबोळी मोटरी भरतात.
पत्र्यावर तांब्याची तार, चहाच्या कपात कार्बन ब्रश.
त्यांनी पुस्तक चष्म्याशिवाय बघितलं,
म्हणजे बघितलंच नाही.
"मॅडम, पिनियनला दात नऊ की दहा, हे पुस्तकाला विचारलंत.
गाडीला विचारलंत का?"

रविवारी गाडीला विचारलं.
बॉनेट अख्खं पुढे कलंडलं, मांजर दगावल्यासारखं.
जुनी मोटर काढून त्यांनी भोकातून बॅटरी मारली.
आत फ्लायव्हीलची कडा, दात, दात, दात.
एका दातावर खडूची खूण.
मी पान्याने इंजिन रेटायचं, त्यांनी मोजायचं.
सदुसष्टला दूधवाला हिशेब मागायला आला.
परत खूण.
ब्याण्णवला त्यांना शिंक आली.
परत खूण.
तिसऱ्यांदा आकडा आला
तो पुस्तकाच्या कुठल्याच पानावर नव्हता.

फर्गोज बाईंना फोन लावला.
"अगं हो, ब्याऐंशीत वसईच्या लग्नाहून येताना
घोडबंदरला काहीतरी मोडलं होतं.
टोनीने दुसऱ्या कुठल्या गाडीचं काढून बसवलं.
छान चालली की मग."
आणि पुढे बराच वेळ फोनवर टोनीच.

म्हणजे ही बाई बेचाळीस वर्षं पुस्तकाबाहेर धावत होती
आणि मी तिला पानावर आणून बसवू बघत होते.

बरोबर मोटर अशी कुठे नव्हतीच.
माझ्या मोटरचं आर्मेचर जळून कोळसा,
पण पिनियन टोनीचं. दहा दाती, झिजलेलं, तेवढंच खरं.
ते घेतलं. कौशाच्या मोटरचं अंग घेतलं,
तुर्भ्याच्या नवीचे ब्रश, दोन वायसर, एक स्प्रिंग.
तिची उरलेली परत गोणपाटात गेली
आणि माझे नऊ हजार तिच्याबरोबर.

बिलावर लिहिलं: स्टार्टर, एक नग.
मी विचारलं, नंबर?
"लिहा तुम्हीच काहीतरी."
एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री साडेनऊला खाली गेले. एकटीच.
वॉचमन लगबगीने वळून पंपाचं बटण तपासू लागला.
किल्ली फिरवली.
लागली.
वर दोन दिवे पेटले, कुणीतरी बाल्कनीत आलं.
जायचं कुठेच नव्हतं.
बंद केली.
परत लावली.