बुधवार बंद

लक्ष्मीपुरीतलं आपलं दुकान सोमवारी बंद,
तशी माझी शेगडी बुधवारी.
पाटी लावायची गरज नाही, शालन म्हणाली,
तुम्हाला कळलं म्हणजे झालं.

वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात गेली माझी.
कुठल्या पारड्यात काय बसलंय
हे मला लांबूनही दिसतं,
असा माझा समज होता.

संक्रांत नुकतीच झालेली.
पापाच्या तिकटीमागच्या मगदुमांच्या खानावळीत
ती भिंतीला पाठ लावून बसली,
तोंड भटारखान्याच्या दाराकडे.
फळ्यावर खडूनं: पावटा. भरलं वांगं. हरभऱ्याचा पाला.
खांद्यावर फडकं टाकून सुभान आला.
पावटा आज सोललाय का काल?
काल रात्री, मावशी.
खरं बोललास. आण.

मग बुधवार पडत गेले.
चैत्रात फळ्यावर कैरी आली, आंबाडी गेली,
फणसाच्या भाजीचा एकच दिवस मिळाला,
कारण फणस एकच आला होता, मलकापूरहून, एस्टीच्या टपावर.
शाहूपुरीत एका मोठ्या हॉटेलात
आमरस मागवला. वाटी बघून ती म्हणाली,
डब्यातला आहे, उठा.
उठलो. पायरीचा शोध घेत
उन्हातनं स्टँडपर्यंत चालत गेलो, भांडत.
मिळाला नाही. उसाचा रस प्यालो, आलं घालून,
आणि भांडण अर्धवटच राहिलं.

आषाढातला शेवटचा बुधवार.
सगळं गाव रस्त्यावर, बाकड्यांवर, पायऱ्यांवर,
श्रावण पुढल्या गल्लीत येऊन थांबल्यासारखं जेवत होतं.
पाऊण तास रांगेत उभं राहून
शालननं पांढऱ्याच्या तीन वाट्या संपवल्या,
चौथी हातात धरून बसली नुसती, ऊब घेत.
खसखस आहे, काजू नाही, म्हणाली. बरं केलंय.
एवढी स्तुती तिनं
माझी कधी केल्याचं आठवत नाही.

आणि मग करटुली आली.
राधानगरीकडच्या बायका पाटीतून आणतात,
दहा-बारा दिवस असते, नंतर नसते.
मगदुमांच्या फळ्यावर तिचं स्पेलिंग चुकलेलं,
खडू ओला, ट चा र झालेला.
ताट आलं. तिनं घास घेतला.
मीठ कमी आहे, ती म्हणाली.

एवढंच.
आणि हलली नाही.

मी मात्र खुर्चीत अर्धा उठलो,
का ते मलाच कळेना.
घरी हे वाक्य माझं असतं.
वाक्यसुद्धा नाही, एक शब्द: मीठ.
आणि समोरचा पाट रिकामा होतो,
भाकरीचा तुकडा मोडलेला तसाच,
एकतीस वर्षं, दिवसातून किती वेळा
ते मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

सुभाननं मिठाची वाटी आणली.
चिमूट म्हणजे अदमासे अर्धा ग्रॅम.
तिनं ती भाजीवर भुरभुरली,
बोटं झटकली, आणि जेवत राहिली,
भटारखान्यात कोण काय करपवतंय
याच्याकडे मजेत बघत.
माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शेगडी चालू.
आमटीत मीठ नव्हतं.
विसरली होती की कसं, मी विचारलं नाही.
उठलो. फळीसमोर उभा राहिलो.
चहाचा डबा, गुळाचा, एकात नुसती रबरं,
एकात माझ्याच दुकानातली जुनी वजनं,
पन्नास ग्रॅम, वीस, दहा, गंजलेली,
ही इथं कधी आली?

डाव्या हाताला, ती म्हणाली,
मान वर न करता, भात कालवत.
हळदीच्या मागं.