पट्टी

सात स्क्रू आणि टायटॅनियमची एक पट्टी.
मिस्टर गिलेस्पींनी पडद्यावर फोटो मोठा केला,
दार बसवून झाल्यावर सुतार मागे सरून बघतो
तसं बघितलं.
ओळंब्यात जुळलंय, म्हणाले.
(इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत.)

जुळलंय, खरंच.
तरी किल्ली फिरवताना आत काहीतरी
खट्ट करून जागचं हलतं.
दुधाचा कॅन उचलताना हलतं.
ओला टॉवेल तर मी पिळतच नाही आता,
नळावर तसाच टांगते, रात्रभर ठिबकतो.

पडले ती पर्थ रोडवर, बसच्या शेवटच्या पायरीवरून.
डंडीत फेब्रुवारी म्हटल्यावर
सगळे विचारतात, बर्फ होता का?
नव्हता.

फिजिओच्या खोलीत इशबेलने
माझा हात टेबलावर पालथा ठेवला,
करंगळीकडचा तो वर आलेला उंचवटा
अंगठ्याने दाबला.
दबला. सोडला. वर आला.
"पियानोची पट्टी. आम्ही असंच म्हणतो याला."

तेवीस वर्षं पेटी वाजवते मी.
पियानो कसला, ही तर माझी काळी चार,
स्प्रिंग ढिली पडलेली,
गाणारीने सा लावला की
बोट नसतानाही मान हलवणारी.

मग तिने समजावलं :
मोडलं ते एक हाड. पट्टी त्याला.
शेजारचं मोडलं नव्हतं,
म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.
दोघांना धरून ठेवणारे बंध फाटले,
ते फोटोत दिसत नाहीत.

बसमध्ये मला मृण्मयी आठवली.
धाकटीचं दुखणं दोन वर्षं चाललं तेव्हा
ही नऊ वर्षांची, आपला डबा आपण भरायची.
चीज, ब्रेड, कधी नुसता ब्रेड.
शाळेतून तक्रार नाही. गुण चांगले.
आम्ही म्हणायचो, हिची काही काळजी नाही.

आता ॲबरडीनला असते. रविवारी फोन करते,
हात कसा आहे विचारते.
मी म्हणते, फोटो छान आलाय.

हात अजून पुरता उताणा होत नाही.
कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा
सुटे पैसे ठेवतो तळव्यावर,
आणि ते उतारावरून निघतात
काउंटरवर, फरशीवर, चॉकलेटांच्या रॅकखाली.
तो वाकतो, मी वाकते.
राहू दे, म्हणतो आम्ही दोघंही,
आणि शोधत राहतो.