गावूक नाय

शनिवारचा वर्ग. वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
वाचनालयाच्या माडीवर सात जण.
ग्रंथपालन शिकायला आलेत सगळे,
आसिफ होडेकर फक्त सर्टिफिकेटला.
रेंज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येते,
म्हणून गृहपाठही तिथेच होतो.

हर्षला गिरपने संदर्भसूची आणली.
सुबक. स्वल्पविराम जागच्या जागी.
पाचव्या क्रमांकावर:
तिरोडकर, वा. ल., 'रापणीचे शब्द', वेंगुर्ले, १९३४, पृष्ठे ११२.

मला मोह झाला, खरं सांगते.
तेवीस वर्षं या गावात पुस्तकं लावतेय,
असं एखादं असायला हवं होतं
असं कितीदा वाटलंय.
यंत्राला कसं कळलं?
आपल्याला काय हवंय, ते त्याला कळतं.
काय आहे, ते बघायला
आपल्याला खुर्चीवरून उठावं लागतं.

तर उठलो.
कार्डांच्या कपाटाचे खण पावसाळ्यात फुगतात,
दिवाळी झाली तरी उतरले नव्हते.
आसिफने पाय लावून 'र' ओढला.
'रानभाज्या'नंतर थेट 'रामफळाची लागवड'.
मध्ये नख शिरायला जागा नाही.

मग दाखलनोंद वही, जाडजूड, डांबरगोळ्यांच्या वासाची.
कुणा कारकुनाचं ठसठशीत अक्षर, लाल शाईतले शेरे:
वाळवी.
गहाळ.
डॉक्टरांकडे गेले, परत नाही.
८१२, तरीतून पाण्यात पडले.
तिरोडकर कुठेच नाहीत.
गहाळसुद्धा नाहीत.
हरवायला आधी असावं लागतं.

हर्षला तिसऱ्या पायरीवर जाऊन आली.
यंत्राने माफी मागितली, फार अदबीने,
आणि लगेच दुसरी आवृत्ती दिली:
१९३६, पृष्ठे १४०.
"वाढत चाललंय पुस्तक," आसिफ म्हणाला.

मी वहीची बाजू घेऊन बोलायला लागले
आणि मध्येच थांबले.
वहीत ४४१ हा आकडा दोनदा आलाय.
आणि 'वाळवी' असा शेरा मारलेलं एक पुस्तक
मी स्वतः पाहिलंय, एका लग्नात,
नवरीच्या मामाच्या कपाटात, धडधाकट.
तेही सांगितलं वर्गाला.
सांगायलाच हवं होतं.

फळ्यावर माझे प्रश्न तसेच राहिले,
कोणी लिहिलं, केव्हा, कशावरून,
चौथा लिहायच्या आत खडू मोडलेला.
हर्षला खिडकीतून खाली बघत होती,
तिथे कुणीतरी जाळी झाडत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, एरवी वर्गात शुद्ध बोलणारी,
"माझो बापूस रिकामी जाळी घेवन इलो
तरी धक्क्यार सरळ सांगता,
आज काय गावूक नाय.
ह्या मशिनीक
तितक्याच येणा नाय."

कोणी काही बोललं नाही.
पंखा मात्र कुरकुरत होता.

मी तिला एक कोरं कार्ड दिलं.
कशासाठी, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं.
तिने लिहिलं, वळणदार, ओळीला धरून:

रापणीचे शब्द.
तिरोडकर, वा. ल.
गावूक नाय.
शोधलां: कार्डां, दाखलवही, वरचां कपाट, माळो.
ह. गिरप, १५ नोव्हेंबर.

पितळी दांडी उपसली,
रानभाज्या आणि रामफळाच्या मध्ये
ते कार्ड ओवलं.
उद्या कुणी या पुस्तकाच्या मागे आला
तर त्याची एक दुपार वाचेल.

डावीकडे वर वर्गांक लिहायचा असतो.
आसिफने विचारलं, काय देऊ या?
सर्टिफिकेटला आलेला आसिफ,
वर्गीकरणाचं बाड घेऊन बसलाय केव्हाचा,
बोटाला थुंकी लावून पानं उलटतोय.

मी त्याला थुंकीबद्दल बोलले नाही.
कोपरा अजून रिकामा आहे.