आडवे किती, उभे किती

हानुसने मोतीबिंदूची तारीख घेऊन ठेवली होती,
समुद्राखालच्या दोन बोगद्यांपलीकडे, तोर्शहावनला,
फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी.
त्याआधी एकदा तू बघ, म्हणाला.
क्लाक्सविकच्या वाचनालयात माझं कामच ते:
पुस्तकं थोडी, लोकांचे पासवर्ड फार.

मुलीने पाठवलेला भलाथोरला पडदा
जेवणाच्या टेबलावर, आणि त्यावर सगळं
ओल्या लोकरीसारखं फुगलेलं.
चेहरे रुंद, बोटी बुटक्या,
गोल अक्षरं कुणी बसल्यासारखी दबलेली.
"हे बघ म्हातारपण," तो म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलंच नाही.
मोकळ्या जागी उजवी कळ दाबली,
डिस्प्ले सेटिंग्ज, खाली, आणखी खाली.
१०२४ गुणिले ७६८.
जुन्या मॉनिटरचं माप नव्याच्या अंगावर.

"तू जाळी विणायचास ना?"
"हात अजून विसरले नाहीत."
"मग मोज. आडवी घरं किती, उभी किती.
एका घरात एकच रंग मावतो, अर्धा नाही.
याला आडवी एकोणीसशे वीस आहेत
आणि तू सांगतोयस, हजारात भागव."
तो बोटं मिटत-उघडत राहिला.
"म्हणजे एकाचा मासा दोन घरांत."
"पुरत्या दोनांतही नाही.
म्हणून तर कडा लिबलिबीत."

'शिफारस केलेले' लिहिलेली ओळ निवडली.
पडदा क्षणभर काळा,
आणि मग बोटींची नावं,
दोरखंडाचा पीळ, कठड्यावरचा गंज.
हानुस पुढे वाकला, मागे सरला.
"अक्षरं मुंगीएवढी झाली की!"
ते वेगळं, मी म्हणाले. घरं तेवढीच राहू दे,
अक्षर वाढवू. दीडशे टक्के केलं.
"चष्म्यासारखं?"
"नाही. कुणी जरा मोठ्याने बोलल्यासारखं."

मग त्याने तो फोटो उघडायला लावला.
खरं तर त्यासाठीच बोलावलं होतं.
सोल्रुन, धक्क्यावर,
कुठल्याशा पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याच्या फोनमधली.
हातात काहीतरी आहे.
काय आहे, ते बारा वर्षं दिसत नव्हतं,
आणि दोष कधी डोळ्यांचा, कधी पडद्याचा.

काल पडद्याचा तिसरा हिस्सा तिचा होता.
आज ती मधोमध, टपालाच्या तिकिटाएवढी,
आणि भोवती नुसता काळोख.

फोटोची माहिती काढली. ३२० गुणिले २४०.
सांगणं भाग होतं, सांगितलं:
पडदा कितीही बारीक विणीचा असो,
टिपताना जेवढी घरं होती तेवढीच.
मोठं केलं की चौकोन मोठे होतील, ती नाही.
हाताच्या वाट्याला नऊ आलेत, मी मोजले:
चार कातडीच्या रंगाचे, पाच पांढुरके.

"पत्र असेल?" मी विचारलं.
तो पाच पांढुरक्यांकडे बघत बसला.
बाहेर कुणाची तरी गाडी चढावर अडली, सुटली.

"कप," तो म्हणाला.
"बोट लागेपर्यंत कॉफी गार व्हायची.
तरी आणायची."

मोतीबिंदूची तारीख मात्र त्याने रद्द केली नाही.
म्हणाला, एकदा त्यांनाही मोजू दे.